लाकडी घंगाळांच्या पानावरची मुकी लिंक

नागुरा शिझुएने तिशीत एका स्थळाला नकार दिला, तो इतका नीट दिला की मुलाकडच्यांना तो घरी पोचून जेवायला बसल्यावर कळला. गल्लीत तिचं नाव झालं. आमच्या क्योतोत माणूस वळणाचा निघाला की नाही हे असंच ओळखतात. पाहुण्याला पाणी हवं असेल तर तो आज हवा कोरडी आहे म्हणतो. शेजारणीचा पियानो सहन होत नसेल तर आपण तिच्या मुलीचा हात किती बसला याचं कौतुक करतो आणि पियानो थांबतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही खोड, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. आमच्याकडे ताक असंच मागतात.

असल्या बाईने पोटासाठी यंत्रांशी बोलायचा धंदा धरला. यंत्राला सूचक बोललेलं कळत नाही. त्याला सगळं स्पष्ट, शेवटच्या टिंबापर्यंत सांगावं लागतं. शिझुएला याचा आधी संकोच वाटायचा, मग सवय झाली आणि मग त्यातच बरं वाटायला लागलं. लोणच्याच्या दुकानाच्या माडीवर एक चिमुकली कंपनी होती. हिवाळ्यात तिथल्या सगळ्यांच्या कपड्यांना सलगमच्या लोणच्याचा वास यायचा. तिथे बसून पन्नाशी ओलांडलेली शिझुए आसपासच्या मंडळींच्या वेबसाइटी सांभाळायची. कुठे विणकरांची, कुठे देवळाची, आणि त्यात एक हस्तकला मंडळाची.

मंडळाच्या साइटवर ‘शिष्य हवा’ असा एक भाग होता. ज्या कारागिरांना मागे कोणी नाही, त्यांचं प्रत्येकी एक पान. हातांचा फोटो, कामाचा फोटो, दोन ओळी, आणि खाली एक लिंक: ‘गुरुजींना मेल लिहा’. ती दाबली की पत्ता घातलेली कोरी मेल उघडायची. फोन नंबर मुद्दामच दिले नव्हते. ओळखदेख नसताना एकदम फोन करणं म्हणजे जोडे घालून माजघरात शिरणं, यावर मंडळाच्या बैठकीत कोणाचं दुमत झालं नव्हतं.

नोव्हेंबरात मंडळाच्या चिटणिसांचा निरोप आला. घंगाळं करणारे इमाकिता यांचं पान काढून टाकावं, अशी खुद्द इमाकितांची इच्छा आहे. इतकं सुंदर पान आपल्यासारख्याला शोभत नाही, असं ते म्हणतात. पान काढायला शिझुएला दोन बटणं दाबायची होती. पण म्हाताऱ्या माणसाचं पान असं परस्पर काढत नाहीत. तिने तांदळाच्या गोड वड्यांचा डबा घेतला, तो रेशमी रुमालात बांधला आणि त्यांच्या कारखान्यावर गेली.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खाली भुसा, वर सावारा लाकडाच्या फळ्या वाळत घातलेल्या. इमाकिता ग्योइची ऐंशीला टेकले होते, डोकं चकचकीत, हात मात्र दुसऱ्या कोणाचे असावेत इतके मोठे. आंघोळीचं घंगाळ, भाताची बादली, लोणच्याचं पिंप, सगळं ते खिळ्याशिवाय करायचे. फळ्या एकमेकींना टेकवायच्या आणि बाहेरून तांब्याचं कडं ठोकायचं, की पाण्याचा थेंब गळत नाही.

“या, या, नागुरा-सान. एवढ्या लांब कष्ट घेतलेत. आणि हे कशाला?”

“छे हो, काहीच नाही. वाटेत दिसलं म्हणून.”

डबा बाजूला ठेवला गेला. पानाबद्दल कोणीच काही बोललं नाही. शिझुएने भिंतीकडे पाहिलं. तिथे एरवी लहानमोठे बाकदार रंधे टांगलेले असायचे. आज नुसते खिळे होते.

“भिंत आज अगदी स्वच्छ दिसतेय,” ती म्हणाली.

“पुसून ठेवलेत सगळे. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी जुन्या हत्यारांचे व्यापारी येणार आहेत. नेणाऱ्याला धूळ कशाला द्यायची?” इमाकितांनी एक रंधा पेटीतून काढून दाखवला. त्याचा तळवा सरळ नव्हता, वाटीसारखा बाक होता. “हा आजोबांचा. प्रत्येक मापाच्या घंगाळाला वेगळा बाक लागतो. हे एकत्र आहेत तोवर घंगाळं आहेत. व्यापारी एकेक सुटा विकणार. कोणी शोभेला ठेवेल, कोणी फुलदाणीखाली.”

“तोवर कोणी...” शिझुए म्हणाली आणि थांबली. आमच्याकडे वाक्य एवढंच पुरतं.

“नाही हो. तुमचा दोष नाही. पान फार छान केलंत, फोटोत मीसुद्धा बरा दिसतो. पण वर्षभरात एक ओळ आली नाही. लोकांनी न बोलता सांगितलं, आपण समजून घ्यायचं. पोरगा नागोयात विम्याच्या हपिसात आहे, तो काही हे करायचा नाही. संपलं.”

“वर्षभर म्हणजे बराच काळ झाला.”

“तसं अगदीच काही आलं नाही असं नाही. केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती येतात.” इमाकितांनी टकलावरून हात फिरवला. “नेमाने येतात. एकीला मी उत्तरही लिहिलं. आपल्या आपुलकीबद्दल आभारी आहे, पण आता उशीर झाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांची मेल आली. बरं वाटलं.”

हे ते चेहऱ्यावरची रेघ न हलवता बोलले. शिझुएला मात्र ऐकून फार वाईट वाटलं.

मग पान काढण्याआधी एकदा पाहू या, म्हणून त्यांनी मंडळाने दिलेला टॅबलेट आणला. साइट उघडली, आपलं पान शोधलं, फोटोकडे जरा वेळ पाहिलं. खालच्या लिंकवर बोट ठेवून म्हणाले, “हे दाबून काही होत नाही. सुरुवातीला मी एकदा दाबून पाहिलं होतं. मग म्हटलं, बरोबरच आहे. आपणच आपल्याला पत्र लिहिणं बरं दिसत नाही. यंत्रालाही तेवढी समज आहे.”

शिझुएने लिंक दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. ना पान हललं, ना मेल उघडली, ना चुकलं म्हणून कसली सूचना आली. ती म्हणाली, “हवा आता गार व्हायला लागली,” आणि नमस्कार करून निघाली. वाटेत ती जवळजवळ पळत होती.

माडीवर येऊन तिने आधी पान थेट त्याच्या पत्त्याने उघडलं. लिंक दाबली, मेल टुणकन उघडली. वर्षभर ती हे असंच तपासत आली होती. मग तिने लोक जातात तसं मंडळाच्या मुख्य पानावरून जाऊन पाहिलं. तिथे कारागिरांची पानं मुख्य पानातल्या एका चौकटीत दिसतात. लिंक दाबली. शांतता.

ब्राउझरमध्ये बिघाड शोधायची एक आतली खिडकी असते. ती साइट बांधणारे सोडून कोणी उघडत नाही. शिझुएने ती उघडली, तर तिथे लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: नाकारलं आहे. शिवाय खाली कारण, की ही गोष्ट परवानगीच्या यादीत नाही. प्रत्येक दाबण्यामागे एक लाल ओळ. अख्ख्या शहरात सरळ तोंडावर नाही म्हणणारा हा एकच इसम होता, आणि तो जिथे कोणी बघत नाही तिथे म्हणत होता. शिझुएने त्या ओळी पुन्हा वाचल्या.

यादी तिचीच होती. आदल्या वर्षी तोक्योहून एक सल्लागार आला होता. साइट सुरक्षित हवी, चौकटीत काय उघडू द्यायचं याची यादी करा, आणि यादी जितकी आखूड तितकी चांगली, असं तो म्हणाला होता. शिझुएने यादी इतकी आखूड केली की सल्लागाराने तिची पाठ थोपटली. चौकटीत कारागिरांची पानं उघडतील हे तिने लिहिलं. चौकटीतून मेल उघडेल हे लिहायचं राहून गेलं. केसांच्या तेलवाल्यांना तर इमाकितांचा पत्ता आधीच ठाऊक होता. त्यांना लिंकची गरजच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर शिझुएने स्वतः वळला होता.

तिने काहीतरी निमित्त काढून पंखे करणाऱ्या कुरामोची बाईंना फोन लावला. पंख्यांचा हंगाम कसा गेला वगैरे झाल्यावर हळूच पानाचा विषय निघाला.

“इश्श, आम्हाला कोण लिहिणार!” कुरामोची बाई हसल्या. “एकही नाही आली. पण बाकीच्यांकडे रीघ लागली असेल ना. तेव्हा म्हटलं, आपलंच काम तसलं. उगाच कशाला बोलायचं.”

ब्रश करणाऱ्यांचं तेच. कागदी छत्र्यांवाल्यांचं तेच. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच नकोसे झालो आहोत, आणि प्रत्येकाने ते मोठ्या शहाणपणाने गिळलं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

यादीत एक शब्द वाढवायचा होता. तो शिझुएने वाढवला, मुख्य पानावरून जाऊन लिंक दाबली आणि मेल उघडली. तिचा जीव भांड्यात पडला. इमाकितांना तिने कळवलं की पान काही तांत्रिक कारणाने अजून थोडे दिवस राहील. ते म्हणाले, यंत्राची सोय आधी पाहावी.

आणि मग काहीच झालं नाही. दिवस गेले. लिंक चालत होती, पण ती दाबायला कोणी येत नव्हतं. शिझुए रोज डबा खाताना त्यावर विचार करायची, आणि एके दिवशी भात तोंडात असताना तिला उलगडलं. तिने स्वतः काय केलं असतं? मेल लिहायला म्हणून लिंक दाबली आणि पान ढिम्म राहिलं, तर ती काय समजली असती? बिघाड? छे. बिघाड असता तर सूचना आली असती. लिंक दिसते आहे पण उघडत नाही, म्हणजे गुरुजी किती सभ्यपणे नाही म्हणताहेत, असंच ती समजली असती. पडद्याला मान लवून गेली असती, आणि मेली तरी दुसऱ्यांदा आली नसती. ज्यांना यायचं होतं ते सगळे केव्हाच नकार घेऊन घरी गेले होते. दार आता उघडलं होतं खरं, पण ते कोणाला कळणार?

ती मालकांकडे गेली. मालक कात्सुमे हे सज्जन गृहस्थ. साइटवर सूचना लावू या हे त्यांना पटलं, आणि मजकूर त्यांनी स्वतः बसून लिहिला. शरदाची थंडी गडद होत असताना आपणा सर्वांची प्रकृती उत्तम असावी. आमच्या पानांकडे आपण दाखवलेल्या आस्थेने आम्ही उपकृत आहोत. मध्यंतरी काही सुविधा आपल्या अपेक्षेस पूर्णतः उतरल्या नसण्याची शक्यता नाकारता येत नाही. यापुढेही आपला लोभ असाच दुरून राहावा.

“फार सुरेख लिहिलंय,” शिझुए म्हणाली.

“जमलंय ना?”

“हे वाचून मी तर पुन्हा या साइटवर पाऊल ठेवणार नाही.”

कात्सुमेंनी चष्मा काढला. “म्हणजे?”

“म्हणजे यात आपण लोकांना दुसऱ्यांदा नाही म्हणतोय, कात्सुमे-सान. लिंक बंद होती असं लिहायला हवं. चूक आपली होती असं.”

“आपली?”

“माझी. पण सहीला कंपनीचं नाव असतं, म्हणून आपली.”

“असं उघडं कसं लिहायचं हो? वाचणाऱ्याला लाज वाटेल.”

“वाटू दे.”

कात्सुमेंनी चष्मा पुन्हा चढवला. खाली लोणच्याचं पिंप धुतल्याचा आवाज येत होता. “मी आता बँकेत जाऊन येतो,” ते म्हणाले आणि टोपी घेऊन गेले. त्या दिवशी बँक बंद होती. शिझुए समजायचं ते समजली, आणि तिने सूचना लावली:

‘गुरुजींना मेल लिहायची लिंक वर्षभर बंद होती. चूक आमची. तुम्ही दाबून काही झालं नसेल तर तो गुरुजींचा नकार नव्हता. त्यांना तुमचं काही पोचलंच नाही. ते वाट बघत होते. पुन्हा लिहा.’

लावल्यावर तिचे कान तापले. अंतर्वस्त्रांत गल्लीत गेल्यासारखं वाटत होतं. ती पाणी प्यायली आणि दुसऱ्या कामाला लागली.

मंगळवारी इमाकितांचा फोन आला. “नागुरा-सान, तुमच्या यंत्रातून काहीतरी आलंय. तेलाचं दिसत नाही.”

ती गेली. मेल उत्सुमी काए नावाच्या बाईची होती, बस कंपनीत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर काम करणारी. पहिला परिच्छेद हवेबद्दल होता, दुसरा आणखी हवेबद्दल. तिसऱ्यात होतं: ‘वसंतात मी आपली लिंक दाबली होती आणि समजले होते. तरीही राहवेना म्हणून एकदा दुकानापाशी आले. आपण माझ्या बुटांची तारीफ केलीत. तेव्हाही समजले. आता सूचना वाचून वाटते की माझे समजणे चुकले असावे. न चुकल्यास क्षमा करावी. येत्या गुरुवारी माझे त्या बाजूला काम आहे.’

इमाकितांनी टॅबलेट खाली ठेवला. “बूट खरंच चांगले होते हो,” ते म्हणाले. “शिलाई हातची होती.”

“गुरुवारी,” शिझुए म्हणाली.

“गुरुवारीच व्यापारी येणार.”

“त्यांना कळवलं तर...”

“आता कसं कळवणार? टेम्पो ठरवलाय त्यांनी. आणि ही बाई नुसती बघायला येत असेल. त्या बाजूला काम आहे म्हणतेय.”

“तिला त्या बाजूला कसलंही काम नाही, इमाकिता-सान.”

“तेवढं मलाही कळतं,” म्हातारबुवा म्हणाले. पण व्यापाऱ्याला त्यांनी काही कळवलं नाही.

गुरुवारी शिझुएने अर्धी रजा टाकली. ती पोचली तेव्हा टेम्पो दारात होता आणि व्यापारी पेट्यांना दोऱ्या बांधत होता. पहिली पेटी टेम्पोत चढली होती. उत्सुमी काए भुशात अवघडून उभी होती. पस्तिशीची, उंच, हातात मिठाईचा डबा. तिने पेट्या पाहिल्या होत्या. तिचं तोंड आधीच निरोपाचं झालं होतं.

“तुमच्या कामाच्या गडबडीत आले,” ती म्हणाली. “नुसतं एकदा... घंगाळांचं काम शिकावं असं फार दिवस मनात होतं. एवढंच सांगायला.”

इमाकितांनी तिच्या हातांकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

“हातांना भेगा पडतील तुमच्या,” ते म्हणाले.

काएने खाली मान घातली. आमच्याकडे याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. तिने डबा अदबीने ओट्यावर ठेवला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि दाराकडे वळली. व्यापाऱ्याने दुसरी पेटी उचलली. इमाकिता तिच्या पाठीकडे बघत होते. तोंड किंचित उघडं, हात पुढे आलेले. शिझुएला त्या क्षणी त्यांचा राग आला, काएचा आला, स्वतःचा आला, सगळ्या गावाचा आला.

“थांबा,” ती ओरडली. व्यापारी पेटीसकट थांबला. “इमाकिता-सान, हे तुम्ही नाही म्हणताय, का भेगा पडतात ते सांगताय?”

शेजारच्या घरातली बाई खिडकी लावत होती, तीही थांबली.

इमाकितांचं टक्कल लाल झालं. “सांगतोय,” ते म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाले, “सांगतोय हो. डाव्या हाताला जास्त पडतात. हातमोजे घालायचे नाहीत, लाकूड कळत नाही.”

काए दारातच उभी होती. शिझुएला रडू फुटलं, ते तिने लपवलं नाही. व्यापाऱ्याने पेटी जमिनीवर ठेवली आणि कोणी न सांगता टेम्पोतली पहिलीही उतरवून आणली.

“मग,” काए म्हणाली, “उद्या किती वाजता येऊ?”

“आजचं काय बिघडलंय?” इमाकिता म्हणाले, आणि पेटीची दोरी सोडायला वाकले.